पाठमोरे

दर तीन महिन्यांनी अहवाल जातो.
सोबत फोटो लागतात,
आणि फोटोत चेहरा चालत नाही.
म्हणून मी मुलांना भिंतीकडं तोंड करून उभं करते,
शिक्षा झाल्यासारखं,
आणि म्हणते, हलू नका.

अकरा वर्षं झाली.
निपाणी, यमगर्णी, बोरगाव, संकेश्वरच्या अलीकडचं सगळं,
माझ्याकडं नुसत्या मानांचा ढीग आहे.
सातेरीच्या मानेवर भोवरा, तोही डावीकडं.
शबानाला लाल फीत एकच, दुसरी धाकटीला.
ईरण्णाचा शर्ट पाठीवर विटलेला,
पुढून कसा होता आठवत नाही.
बाजारात मागून ओळखते मी पोरांना
आणि ओळख दाखवत नाही.
तेच तर काम आहे माझं.

पोती आम्ही उलटी करून शिवतो.
संस्थेचं नाव आतल्या बाजूला, तूरडाळीला टेकून.
तांदूळ, शेंगदाणे, गूळ, वरून अंडी बारा.
गल्लीनं विचारलं तर सांगायचं, भिशीचं आहे.
गल्ली विचारत नाही.
गल्ली म्हणते, तसलं हाय त्यांच्यात.
मराठीत तसलं, कन्नडात अंथाद्दु,
रोगाचं नाव दोन्ही भाषांनी
एकमेकींच्या दारात ढकललेलं.

कस्तुरी सातवीत.
शाळा कन्नड, घर मराठी, औषधाची बाटली इंग्रजी.
बाटलीत कापूस कोंबते ती,
दप्तरात गोळ्या वाजू नयेत म्हणून.
आई-बाप फ्रेममध्ये, एकाच हारात दोघं.
सांभाळते लगमव्वा, आईची मावशी;
विड्या वळून वळून तिच्या बोटांना
तंबाखूचा रंग बसलाय कायमचा.
घड्याळ बंद पडलंय कधीचं.
शेवटची जुडी बांधली की रात्रीचे आठ,
मग हाक, "कस्तुरे, गुळगी."
एवढंच.
चार वर्षांत एक आठ चुकला नाही.

चिकोडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हिच्या रक्तात आता विषाणू दिसत नाही.
"मग गेला कुठं?" लगमव्वानं विचारलं.
आहे, लपून आहे. गोळी थांबली की येईल बाहेर.
लगमव्वा हसली.
"तोबी आमच्यासारखाच म्हणायचा."

गेल्या शनिवारी मी नेहमीसारखं म्हटलं, वळ गं भिंतीकडं.
ती वळली नाही.
"अक्का, माझं तोंड वाईट हाय काय?"

मी नियम सांगितला.
गोपनीयता, संमती, तुझ्याच भल्यासाठी,
हे शब्द बेळगावात शिकवतात, कार्यशाळेत, पंख्याखाली.
तिथं ते खरे वाटतात.
इथंही खरेच आहेत:
शेजारच्या हौसाबाईनं हिचा पेला अजून वेगळा ठेवलाय,
खिडकीत, पालथा.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पाठवू नगं कुणाला.
पर काढ."

पहिल्यात डोळे मिटले.
दुसऱ्यात लगमव्वाचा हात आला मध्येच,
पिवळा, केस सारायला.
तिसरा नीट आला.
मोबाईल दोन्ही हातांत धरून
तिनं बराच वेळ पाहिला.
"आईगत हाय काय गं हे?"

लगमव्वा विड्या मोजत होती.
चुकली असावी,
बांधलेली जुडी सोडून
पुन्हा एकपासून मोजायला लागली.

मग कस्तुरी आपणहून भिंतीकडं वळली.
"आता त्यांचा काढ."

तो गेला अहवालात.
लाभार्थी क्रमांक एकशे सदतीस:
वेणी, निळा फ्रॉक, भिंतीचा उडालेला चुना.
दुसरा माझ्या मोबाईलमध्ये आहे.
नियमानं पुसायला हवा.
रोज आठाला आठवतं,
पुसायचा राहिलाय.